नवशाकाकांचा स्विंग

सालवड, बोईसर
रविवार, १७ नोव्हेंबर २०२४

ती. बाबांस,
नमस्कार.

मी फोन केला की तुम्ही "थांब, आईला देतो" म्हणता, आणि मीही थांबते. सात वर्षं आपलं बोलणं एवढंच चाललंय. म्हणून आज पत्र लिहायला बसले. पाकिटावर नाव तुमचं आहे, तेव्हा निदान ते फोडावं तरी तुम्हालाच लागेल.

मी बरी आहे. तारापूरच्या औषध कंपनीत लॅबमधलं काम चालू आहे. खोलीवर माझ्यासोबत हंसा असते. ती आमच्याच लॅबमधली, मूळची शिरगावची, मच्छीमार घरातली. गेल्या रविवारी तिनं मला स्कूटरवर बसवून मामाकडे नेलं. तिची मामी येसूबाई अंगणात बोंबील उलटे-पालटे करत होती. हंसानं विचारलं, "मामा कुठंय?"

"खेळाया गेलाय. ओहोटी लागली की याचा पाय घरात ठरत नाय."

मला वाटलं, पत्ते खेळत असतील. आम्ही सुरूच्या झाडांतून खाली किनाऱ्यावर उतरलो. पाणी दूर गेलं होतं आणि ओली वाळू फरशीसारखी घट्ट झाली होती. तिथं पासष्टी ओलांडलेला एक माणूस गुडघ्यापर्यंत पँट दुमडून गोल्फ खेळत होता.

बाबा, तुम्ही तो स्विंग पाहिला असता तर शिट्टीच फुंकली असती. पाय खांद्यांपेक्षा रुंद. चेंडू नेहमीपेक्षा हातभर लांब. आणि हात खाली सोडलेले नाहीत, समोर ताठ. हात आणि काठी मिळून एकच सरळ रेषा, खांद्यापासून थेट चेंडूपर्यंत. मनगटापाशी कोन म्हणून नाही. तुम्ही मला सहाव्या वर्षापासून जे जे करू नकोस म्हणून सांगितलंत ते सगळं तो माणूस करत होता. चेंडू मात्र दर वेळी एकाच वाटेनं जात होता. दीडशे यार्डांवर त्यानं फाटक्या जाळ्याचा एक तुकडा अंथरला होता. मी मोजले, अकरापैकी नऊ चेंडू त्या जाळ्यावर पडले.

याला सिंगल प्लेन म्हणतात हे मला ठाऊक होतं. तुम्ही एकदा "सर्कस" म्हणून तो विषय मिटवला होता. प्रत्यक्षात मी तो पहिल्यांदाच पाहिला.

मी फक्त पाहिलं. तुम्हाला सांगावंसं वाटलं, इतकंच.

आईला सांगा, लोणचं संपलंय.

प्रियदर्शिनी

*

सालवड
रविवार, ८ डिसेंबर २०२४

ती. बाबांस,

तुमचं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. पण मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं, ते तसंच राहू द्यायचं नाही म्हणून हे दुसरं.

मी फक्त पाहिलं नाही. मारलेसुद्धा. सात चेंडू.

झालं असं की हंसानं मामाला सांगून टाकलं, "ही बी खेळायची पहिले. पेपरात फोटू आलेला हिचा." मामांनी, म्हणजे नवशाकाकांनी, काही न विचारता काठी माझ्यापुढे धरली. सात वर्षांत मी काठीला हात लावला नव्हता बाबा. हात आपोआप तुमच्या पद्धतीनं बसले. पहिला चेंडू चांगला गेला. पण मारून झाल्यावर मी क्षणभर तशीच वाकून राहिले. काकांनी ते पाहिलं. म्हणाले, "मारताना तू उटतीस बग. खाली हात सोडून उबी ऱ्हातीस आन चेंडूपाशी येईस्तवर वर उटतीस. म्हंजी निगालीस एका वाटनं, आलीस दुसऱ्या. मग मधलं अंतर कोन भरून काडनार? कंबर." मग त्यांनी माझे हात वर उचलले, पाय रुंद करवले. "जितं परत यायचं तितनंच निगायचं. बास. माजं सगळं शिक्षान एवडंच हाय."

मला फार विचित्र वाटलं. परक्याचा शर्ट घातल्यासारखं. दुसरा चेंडू वाळूत घुसला, तिसरा समुद्राकडे गेला. सातवा मात्र असा सुटला की हातांना काही कळलंच नाही. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उठताना मला भिंत धरावी लागली नाही.

तेव्हापासून दर रविवारी जाते. ओहोटीची वेळ हंसा बघून ठेवते.

काकांविषयी तुम्हाला सांगायला हवं. चौदाव्या वर्षी ते मुंबईच्या एका क्लबात पिशव्या उचलायला लागले. शिकवलं कुणीच नाही. साहेब लोक गेल्यावर मोडकी काठी घेऊन मारायचे, आणि ज्या उभं राहण्यानं चेंडू सरळ जाईल ते ठेवायचे. पुढं परीक्षा देऊन व्यावसायिक खेळाडू झाले. बावीस वर्षं स्पर्धा खेळले, एकदा दुसरे आले. "लोक हसायचे. म्हनायचे, नवश्या, वल्हं मारतोयस काय? मी म्हनायचो, व्हय, होडी सरळ चाललीय ना?"

खेळणं संपल्यावर त्यांनी चार ठिकाणी शिकवण्याचं काम मागितलं. कुणी दिलं नाही. त्यांचा स्विंग पुस्तकात बसत नव्हता, आणि तेही त्या क्लबांच्या खुर्च्यांत बसणारे नव्हते. मग शिरगावला परत आले. हे सांगताना त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. बोलता बोलता ते चेंडूवरची वाळू पुसत होते.

तुम्हाला राग येईल, ठाऊक आहे. तरी लिहिलं.

प्रियदर्शिनी

*

सालवड
रविवार, ५ जानेवारी २०२५

ती. बाबा,

तुमचं कार्ड मिळालं. चार ओळी. मी त्या लॅबच्या जिन्यात उभी राहून वाचल्या आणि एवढ्या मोठ्यानं हसले की कमलेश, आमचा सुपरवायझर, वरून डोकावला. "क्या हुआ मॅडम, लॉटरी लगी?"

तुम्ही लिहिलंय: 'हात व काठी एका रेषेत म्हणजे नेमके कसे? आकृती पाठव. अंतर कमी पडत असणार. उठताना भिंत का धरावी लागते?'

नमस्कार नाही, आशीर्वाद नाही. अगदी तुम्हीच.

आकृती मागच्या पानावर काढलीय. डावीकडे तुमचा स्विंग, उजवीकडे काकांचा. लाल रेघ सुरुवातीची, निळी चेंडूला लागतानाची. तुमच्यात दोन रेघा वेगळ्या दिसतील, त्यांच्यात एकीवर एक. अंतराचं तुम्ही बरोबर ओळखलंत. माझे वीस यार्ड कमी झालेत. काकांना सांगितलं तर म्हणाले, "वीस यार्ड कुटं जायचंय तुला?"

आता तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. हे तीनदा लिहून फाडलं.

मला पाठीचं दुखणं आहे. विसाव्या वर्षापासून आहे. सरावानंतर कमरेत कळ यायची, मग ती डाव्या पायात उतरायला लागली. मी औषधाच्या दुकानातून गोळ्या आणायची आणि बुटांच्या खोक्यात ठेवायची. दोन वर्षं कुणाला कळू दिलं नाही. तुम्ही माझ्यासाठी दुसरी नोकरी घेतली नव्हतीत, सैन्यातून निवृत्त झाल्यापासून तुमचा सगळा दिवस म्हणजे मी होते. सकाळी साडेपाचला तुम्ही चेंडूंची बादली घेऊन फाटकापाशी उभे असायचात. त्या माणसाला, तुम्ही शिकवलंत त्यानंच मला दुखतंय, असं कसं सांगणार?

त्या निवड स्पर्धेत चौदाव्या होलवर माझा डावा पाय बधिर झाला. जमीन लागेना. मी काठी पिशवीत टाकली आणि निघाले. तुम्ही धावत आलात. मी म्हटलं, "मला कंटाळा आलाय." तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "तुझ्यात दमच नाही." मी ते वाक्य धरून बसले, बाबा. मला ते सोयीचं होतं. तुमच्यावर रागावता येत होतं, आणि खरं सांगावं लागत नव्हतं.

नंतर इथं आल्यावर पालघरला डॉक्टरांना दाखवलं. मणक्यातली एक चकती सरकलीय. व्यायाम सांगितलेत, ते रोज करते. आईला यातलं काही ठाऊक नाही. तिच्यावर चिडू नका.

काकांच्या स्विंगनं चकती जागेवर आली असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना त्यांच्या उभं राहण्याचा फोटो दाखवला, तर त्या म्हणाल्या, कंबर कमी पिळली जाते आहे, दुखलं तर त्या क्षणी थांबायचं. एवढंच. पण तीस तीस चेंडू मारून मी सोमवारी ताठ चालत कामाला जाते, आणि ते मला फार आवडतंय.

प्रियू

*

सालवड
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

ती. बाबा,

सहा आठवडे झाले. कार्ड नाही. आईचा फोन आला होता. तुम्ही मैदानावर जाणं बंद केलंय म्हणाली. शिकायला येणाऱ्या मुलींना परत पाठवता आणि व्हरांड्यात बसून राहता. "तू काय लिहिलंस गं त्यांना?" असं तिनं विचारलं, आणि मी लोणच्याचा विषय काढला.

मी तुम्हाला दोष द्यायला लिहिलं नव्हतं. की थोडं त्यासाठीही लिहिलं होतं? सात वर्षं पोटात ठेवलेलं बाहेर काढताना ते कुणाला लागेल याचा विचार मी केला नाही.

मुलींना परत पाठवू नका बाबा. तुम्ही वाईट शिकवत नाही. माझी ग्रिप बघून काका पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "हे कुनी बसवलं? सोन्यासारकं हाय. याला हात लावायचा नाय." मी सांगितलं, वडिलांनी. त्यावर म्हणाले, "मग बापाला घिऊन ये की एकदा."

मी त्यांना म्हटलं, ते येणार नाहीत.

प्रियू

*

सालवड
रविवार, २३ मार्च २०२५

प्रिय बाबा,

नाशिकला नीट पोचलात, जव्हारच्या घाटात त्रास झाला नाही, हे आईकडून कळलं. दोन दिवस इथं होतात, तरी जे बोलायचं ते राहिलंच. म्हणून पुन्हा कागद.

तुमचा फोन आला तेव्हा मी लॅबमध्ये नमुने तपासत होते. "मी पालघर डेपोत आहे. रिक्षावाल्याला काय सांगू?" माझ्या हातातली नळी खाली पडता पडता वाचली. कमलेशनं मला अर्धा दिवस सोडलं. तुम्हाला तिथं बाकावर वही मांडीवर घेऊन बसलेलं पाहिलं आणि मला लहानपणीसारखं पळत यावंसं वाटलं. मी चालत आले. तुम्हीही नुसतं "बारीक झालीस" एवढंच म्हणालात.

दुसऱ्या दिवशीची सकाळ मला आयुष्यभर पुरेल. तुम्ही वही उघडून काकांना एकेक प्रश्न विचारत होतात आणि ते वैतागत चालले होते. उतारावर काय करता? वारा समोरून असला तर? उंच माणसाला कसं जमणार? शेवटी ते म्हणाले, "सुबेदारसायेब, तुमी इचारताय लय. एक मारा की."

तुम्ही मारलात. तुमच्या पद्धतीनं, जसा मी हजार वेळा पाहिला होता तसा. चेंडू जाळं ओलांडून पार पलीकडे गेला. काका मनापासून "वा!" म्हणाले. आणि मग तुम्ही तसेच उभे राहिलात, काठीवर भार देऊन, चेंडू कुठं पडला ते बघत असल्यासारखे. हंसालाही तसंच वाटलं. मला नाही वाटलं, कारण ते सोंग माझं होतं. मी दोन वर्षं तुमच्यासमोर तेच केलं होतं.

काकांनी हळूच विचारलं, "किती वर्सं झाली?"

"कशाला?"

"पाटीला."

तुम्ही समुद्राकडे बघत म्हणालात, "पंधरा." वाऱ्यानं तुमचा शर्ट उडाला तेव्हा आतला, पाठीच्या आधाराचा पट्टा मला दिसला. आईनंसुद्धा मला त्याविषयी कधी सांगितलं नव्हतं. बहुतेक तुम्ही तिलाही शपथ घातली असणार.

नंतर काकांनी तुम्हाला उभं करायला घेतलं. पाय रुंद, हात वर. तुम्ही सदुसष्टाव्या वर्षी, आयुष्यभर शिकवलेलं सगळं सोडून, वाळूवर पहिल्यापासून उभे राहिलात. तुमचे पहिले पाच चेंडू माझ्या पहिल्या पाचांपेक्षा वाईट गेले, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. सहाव्याला तुम्ही काकांकडे असं वळून पाहिलंत की येसूबाई लांबून ओरडल्या, "काय ओ, लागला वाटतं!"

मग त्यांच्या अंगणात आपण चहा घेत होतो. काका काठ्या धुवायला मागे गेले होते. तुम्ही कपात बघत बोललात. मी ते शब्द विसरू नये म्हणून इथं लिहून ठेवते. "मला शिकवणाऱ्यांनी, दुखतंय का, असं कधी विचारलं नाही. मीही तुला विचारलं नाही. आणि त्या दिवशी सगळ्यांसमोर जे बोललो ते चुकलं माझं."

मी म्हटलं, "चहा निवतोय बाबा."

तेवढ्यात येसूबाई बशीत तळलेले बोंबील घेऊन आल्या. मला म्हणायचं होतं ते असं: चूक माझीही होती. तुम्ही विचारलं असतंत तरी तेव्हा मी बहुधा नाहीच म्हटलं असतं. पण आता विचाराल तर खरं सांगेन. आज दुखत नाहीये.

मुंबईतल्या हौशी महिलांच्या स्पर्धेत मी नाव दिलंय. ५ एप्रिलला आहे. अठरा होल. तुम्ही येऊ नका. तुम्ही बघत असलात की मी अजून तुमच्यासाठी खेळते. या वेळी एकदा नुसतं खेळून बघायचंय.

तुमची,
प्रियू

*

शिरगाव
रविवार, २० एप्रिल २०२५

प्रिय बाबा,

हे पत्र नवशाकाकांच्या अंगणात बसून लिहितेय. उद्या सकाळच्या बसनं ते नाशिकला निघतील, तेव्हा हे त्यांच्याच हातानं तुम्हाला मिळेल.

स्पर्धेचं फोनवर सांगितलंच, तरी तुम्हाला कागदावर हवं असणार. एकोणीस जणींत सहावी. शहाऐंशी फटके. पहिल्या तीन होलवर बायका माझ्या उभं राहण्याकडे बघून एकमेकींना खुणावत होत्या. सातव्यानंतर खुणावणं थांबलं. बाराव्यावर तीन फटके वाया घालवले. पाठीचा त्यात काही दोष नव्हता, हिरवळीचा उतार वाचण्यात मी चुकले. अठरावा होल संपवून मी बूट काढले, गवतावर अनवाणी बसले आणि एक अख्खं सँडविच खाल्लं. सात वर्षांपूर्वी तेवढं चालून झाल्यावर मला बसताही आलं नसतं. काका म्हणाले, "सवी? बरं हाय. आता फुडच्या पाचजनींची नावं लिवून ठेव."

आता तुमच्या पत्राचं. ते काकांच्या नावानं आलं, पण वाचायला मलाच लावलं. 'श्री. नवशा मास्तर यांस' एवढं वाचलं आणि ते म्हणाले, "थांब. काय म्हनलीस, परत वाच." मी परत वाचलं. मास्तर. पुढं तुम्ही लिहिलं होतं की आठ मुली शिकायला येतात, त्यांना दोन्ही पद्धती दाखवायच्या आणि जिला जी मानवेल ती द्यायची असं तुम्ही ठरवलंय. दुसरी पद्धत तुम्हाला अजून येत नाही, तेव्हा आठ दिवस येऊन त्यांना, आणि त्यांच्याबरोबर तुम्हालाही, शिकवावं.

काकांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग येसूबाईंना म्हणाले, "आयुष्यात पैल्यांदा कुनी शिकवायला बोलवलं गो." येसूबाई म्हणाल्या, "मग रडताय काय, पँटीला इस्त्री करून घ्या." आणि स्वतःच पदरानं डोळे पुसत आत गेल्या. त्या दिवसापासून काकांनी तीनदा पिशवी भरून तीनदा रिकामी केलीय. कुठल्या काठ्या न्यायच्या ते ठरत नाही.

दोन सूचना. त्यांना सकाळी लवकर चहा लागतो, आणि मासळीशिवाय तिसऱ्या दिवशी त्यांचं मन लागत नाही. आईला ते जमणार नाही, तेव्हा येसूबाई सुकी जवळ्याची चटणी देताहेत. आणि ते शिकवताना मध्ये बोलू नका. निदान पहिले दोन दिवस.

तुमच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद मी काकांना वाचून दाखवला नाही, तो माझ्यासाठी होता असं धरलं. तुम्ही लिहिलंय की आता रोज सराव सुरू करण्याआधी तुम्ही मुलींना ओळीत उभं करून विचारता, कुणाचं काही दुखतंय का. पहिले चार दिवस कुणीच बोललं नाही. पाचव्या दिवशी बुधी नावाच्या सगळ्यात लहान मुलीनं हात वर केला, आणि तिचं पाहून मागून आणखी दोघींनी. तुम्ही तिघींना सावलीत बसवून दूध दिलंत आणि संध्याकाळी त्यांच्या घरी जाऊन आलात.

चार दिवस कुणी बोललं नाही तरी तुम्ही पाचव्या दिवशी पुन्हा विचारलंत, बाबा. मी ते वाचलं, पत्र घडी करून ओढणीच्या टोकात बांधलं आणि ओहोटी होती तोवर खाली जाऊन चाळीस चेंडू मारले.

तुमची,
प्रियू